सहावं नळकांडं

केबिलीच्या पलीकडे, खजुराच्या बागा संपतात तिथे
आमची विहीर. दोन हजार मीटर.
पाणी वर येतं तेव्हा त्यात हात घालवत नाही.
मनोऱ्यावरून पायरी पायरी पडत ते निवतं
आणि निवता निवता थोडा चुना तिथेच ठेवतं,
पाहुण्याने दाराशी चपला काढाव्यात तसा.
बाकीचं सगळं घेऊन आत येतं.

पहिल्या दिवशी लझहरने पेला उजेडात धरला.
"काही दिसतं, मबरूका?"
"नाही."
"जे दिसत नाही, त्याचाच पगार आहे आपल्याला."

जूनमध्ये फोन आला. हॉटेलं भरली आहेत,
शंभरातलं सत्तर गोडं काढता, ऐंशी काढा.
लझहर म्हणाला, पाणी वाढणार नाही, साहेब,
मागे उरलेलं तेवढं दाटेल.
फोन म्हणाला, एक आकडाच तर बदलायचाय.
बदलला. मीच बदलला.

तिसऱ्या आठवड्यात दाब चढू लागला.
बारा. साडेबारा.
चौदा.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयाने म्हणतात;
आमचा संशय उलटा होता,
कुठेतरी पाणी मुरत नव्हतं.
रात्रभर आम्ल फिरवलं. ते पिवळट होऊन परत आलं,
दाब जागचा हलला नाही.

पहाटे सहाही नळकांडी ओढून काढली
आणि खजूर तोलायच्या काट्यावर चढवली.
शेवटचं भरलं चार किलो जास्त.
लझहर काट्याकडे बघत राहिला,
बाळसं धरलेल्या पोराकडे बघावं तसा, पण उदास.

आधी पहिलं चिरलं.
पापुद्रे उलगडले, त्यांवर तपकिरी चिकटा,
मनोऱ्याच्या हौदातलं शेवाळ, झावळ्यांची धूळ.
नखाने खरवडलं तरी सुटेना.
एकटं शेवाळ वाहून गेलं असतं, लझहर म्हणाला,
पण कॅल्शियमला दोन हात.
एकाने याला धरतो, दुसऱ्याने त्याला,
आणि मग सगळी साखळीच पापुद्र्यावर बसकण मारते.
सोडियमला हात एकच.
तो कितीही असो, कुणाला कुणाशी बांधत नाही,
जत्रेतल्या माणसासारखा धक्का देऊन पुढे जातो.

म्हणून मी स्वयंपाकाचं मीठ आणलं.
एका कढईत विरघळवलं, तुकडा बुडवून ठेवला
आणि चहा प्यायला गेले.
परत आले तर चिकटा सैल,
बोटाच्या एका फटकाऱ्यात निघाला.
ज्या मिठाला हाकलायला इतकी यंत्रं लावली
तेच कामाला आलं.
लझहर हसला नाही. त्याने कढई किती वेळ हलवून पाहिली.

मग सहावं.
करवत मध्येच किरकिरली.
आत चिकटा नव्हताच. पांढऱ्या सुया होत्या,
एकीच्या कुशीतून दुसरी निघालेली,
थोड्याशा पाकळ्यांसारख्या.
आम्लाला त्या जुमानत नाहीत, हे आता कळलं.
पाच नळकांडी ओलांडून जे पाणी पोचतं
त्याच्यातलं गोडं आधीच काढून घेतलेलं असतं;
दाटलेल्याला शेवटी कुठेतरी टेकावंच लागतं.

जिलानी, माझा भाऊ, शॉतच्या रस्त्याकडेला
वाळूचे गुलाब विकतो.
खारट मातीत हात घालून काढलेले, मुठीएवढे ते डोक्याएवढे,
पर्यटक गाडीतूनच भाव करतात.
मी त्याला आमची खपली दाखवली.
तो जिभेला लावून म्हणाला, आमचाच माल.
किती दिवसांचा?
तीन आठवड्यांचा.
माझ्याकडचा कधीचा आहे ते वाळूलाच ठाऊक, तो म्हणाला,
एवढा घाईचा गुलाब कुणी घेणार नाही.
आणि तरी उजेडात फिरवून फिरवून पाहत राहिला.

खपली आता खिडकीत आहे, दाबमापकाच्या शेजारी.
लझहर तिच्याकडे पाठ करून बसतो.
सहाव्याच्या जागी नवं नळकांडं बसवलंय,
आकडा मी पुन्हा सत्तरवर आणलाय.
तीस भाग पाणी खाऱ्या चरात जातं,
कुणाच्याच उपयोगाचं नाही,
पण जाता जाता सगळं ओझं घेऊन जातं.

फोन अजून आलेला नाही.